अडलं

"अडलं," नवरा म्हणाला आणि डाव्या हाताने त्याने तिच्या हातातला पाण्याचा पेला ढकलला. अर्धं पाणी टेबलावर सांडलं, थोडं तिच्या अंगावर उडालं.

"हो, कळलं," ती म्हणाली. "माझ्यावाचून तुमचं काही अडलं नाही. आजपासून तेच बघायचंय."

तीन महिन्यांपूर्वी त्याला झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. सगळे शब्द गेले, एवढा एक उरला. उरायचा तर नेमका हाच उरावा, याचं तिला राहून राहून वाईट वाटे. चौतीस वर्षांच्या संसारात प्रत्येक भांडणाचा शेवट त्याने याच शब्दावर केला होता. 'तुझ्यावाचून माझं काय अडलंय?' असं म्हणायचं, हत्यारांची पिशवी खांद्याला लावायची आणि लोकांचे नळ दुरुस्त करायला निघून जायचं. संध्याकाळी परत येऊन मुकाट जेवायचा, हेही खरं. पण बोललेलं कुठे पुसलं जातं? आता बाकीचं वाक्य त्याच्या जिभेवर येत नव्हतं, तरी तिला ते पाठ होतं.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, डाव्या हाताला काहीतरी नाजूक काम द्या. म्हणून लेकीने बोन्साय आणलं. मोठ्या दुकानात साबणांच्या फळीशेजारी एका साच्यातून काढल्यासारखी पन्नासेक झाडं मांडली होती, त्यातलंच एक. वाकडं खोड, चपटी कुंडी, मातीवर पांढऱ्या खड्यांचा देखणा थर. सोबत एवढीशी कात्री आणि एक कागद, 'रोज थोडे पाणी घाला.' लेक म्हणाली, "नवशिक्याने स्वस्तातल्या झाडावरच हात बसवायचा असतो, बाबा. मेलं तरी हळहळ नको." त्याने जपून दोन पानं कापली आणि कितीतरी दिवसांनी हसला. मग बायकोने कुंडीत पाणी घातलं आणि त्याचा चेहरा बदलला. "अडलं," तो म्हणाला. कात्री त्याने पुन्हा हातात धरली नाही.

तेव्हापासून रोज हाच तमाशा. ती पाणी घाली. पाणी खड्यांवर चमके, काठावरून खालच्या ताटलीत उतरे. झाड पोटभर प्यालं असं तिला वाटे. आणि हा मान हलवत 'अडलं, अडलं' करून तिचा हात झिडकारे. टेबल पुसून पुसून तिच्या नाकी नऊ आले. एवढं करून झाड सुकतच गेलं. हातभरसुद्धा नसलेलं झाड, तेही आपल्या हाताखाली तग धरत नाही, म्हणून तिला रडू येई. मग राग येई, आणि आजारी माणसावर राग धरला म्हणून स्वतःचीच लाज वाटे.

परवा तिने त्याला ठेवायला शुश्रूषागृहाचा अर्ज भरला. 'रुग्ण अर्थपूर्ण बोलतो का?' या प्रश्नाशी पेन जरा थबकलं. अर्थ होता, पण तो परक्यांना कशाला सांगायचा? तिने 'नाही' लिहिलं आणि सही ठोकली.

आता चार वाजत आले होते. लेक गाडी घेऊन येणार होती. इस्त्रीचा सदरा घालून नवरा टेबलाशी बसला होता, पायाशी बॅग होती. ती फडकं आणायला आत वळली, तोच मागे खरडल्याचा आवाज झाला. धावत येऊन बघते तर नवऱ्याने टेबलावरचा चमचा उलटा धरून त्याचा दांडा कुंडीत खुपसला होता. सांडलवंड होते म्हणून चमचा ती कधी त्याच्या हाती देत नसे.

"अहो! त्या झाडाने काय घोडं मारलंय तुमचं?"

तो थांबला नाही. ओठ आवळून त्याने सगळा भार डाव्या हातावर टाकला. कट्‌कन आवाज झाला आणि पांढऱ्या खड्यांचा अर्धा थर वर आला. एकही खडा सुटला नाही. झाकण उचकटावं तसा तो एका तुकड्यात निघाला. त्याच्या खालच्या बाजूला वाळलेल्या डिंकाचा पिवळट पापुद्रा होता.

तिने मातीत बोट घातलं. माती कोरडी ठणठणीत होती. तीन आठवडे रोज पाणी घातलेली माती.

ती खुर्चीवर बसली. नवऱ्याने पेल्याकडे बोट दाखवलं. उरलेलं पाणी तिने ओतलं, ते चमकलं नाही, गुडगुड करत आत गेलं. तिने आणखी एक पेला आणला, मग आणखी एक. नवरा वाकला आणि त्याने कुंडीला कान लावला. लोकांच्या मोऱ्यांपाशी बसून आयुष्यभर तो असाच पाइपांना कान लावत आला होता आणि काय बिघडलंय ते एका शब्दात सांगत आला होता. थोड्या वेळाने कुंडीच्या तळातून ताटलीत पहिला थेंब पडला. तिने नखाने खोड जरासं खरवडलं. आत हिरवं होतं.

नवऱ्याने खड्यांचं ते झाकण उचललं आणि तिच्यासमोर धरलं. "अडलं," तो अगदी सावकाश म्हणाला, नवशिक्याला समजावतात तसं.

दार उघडून लेक आत आली. टेबलावरचा पसारा बघून ती दारातच थबकली.

"आजही तेच? जाऊ दे आई, मनावर नको घेऊस. चला, गाडी खाली उभी आहे."

आईने चमचा पुसला आणि नवऱ्याच्या डाव्या हातात परत दिला.

"बॅग आत नेऊन ठेव," ती लेकीला म्हणाली. "पाणी अडलंय म्हणतायत ते. तीन आठवडे झाले, रोज सांगतायत."