पिवळं दिसलं तर

धैर्यशीलरावांची नवी विजेवरची गाडी अशी सुसाट, की हॉर्न वाजवावा तर आवाजाने मागून धापा टाकत यावं. जगात अशा पाचच. हाकायचीही नाही, नुसतं आत बसायचं.

पण पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि गाडी अडून बसली. वाटेतलं काहीही चिरडायचं नाही, हे तिच्या अंगी भिनवलं होतं ते तिला घडवणाऱ्या केतकीनेच.

"लिंबाला भिते होय ही?" राव आतून खेकसले. "मुहूर्त टळतोय, बाई!"

लिंबू म्हणजे काय, ते गाडीला काही केल्या कळेना. शेवटी घाईघाईत केतकी तिला म्हणाली, "समोर पिवळं दिसलं, तर थांबू नकोस."

फच्चकन लिंबू फुटलं. टाळ्या पडल्या.

"निघा आता, राव!" गुरुजी म्हणाले. "वहिनीसाहेब कधीच्या वळणावर ताम्हण घेऊन उभ्यात, भर रस्त्यात. हळदी शालू काय खुललाय त्यांना!"

केतकी गाडीकडे झेपावली.

"थांब!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

गाडी तिचं ऐकायची. पण गाडी सुटली होती, आणि तो आवाज तिच्यामागून धापा टाकत धावत होता.