कापलेली कळ

“मार ठेवलात आणि कळ तेवढी कापलीत! वर म्हणता, सिनेमा घरच्यांसोबत बघण्यासारखा झाला!”

सेन्सॉर मंडळाच्या अध्यक्षांवर नंदा शेलार कडाडली. नायिकेच्या जागी मार खाणारी ती डुप्लिकेट. थेटरात मनगटाला पट्टा बांधला की पडद्यावर मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला जे वाटतं, ते दोन्ही प्रेक्षकाला अंगभर जाणवायचं. मंडळाने नायकाच्या हाताची झिंग ठेवली आणि नंदाच्या गालाची कळ काढून टाकली.

“प्रेक्षक मजा करायला येतो, बाई,” अध्यक्ष हसले.

“माझा जावईही मजा करून आला. घरी येऊन पोरीच्या थोबाडीत तशीच ठेवून दिली. ती रडली तर म्हणतो, ‘नाटकं बंद कर, मी पट्टा बांधून बघितलंय, दुखत नाही.’”

नंदाने मंडळाच्या यंत्रवाल्याकडून मागून आणलेला तो कापलेला कळेचा तुकडा तिथल्याच यंत्रात घातला आणि पट्टा पुढे केला. अध्यक्षांनी मनगट बाहीत ओढून घेतलं.

“का हो साहेब? दिग्दर्शकाला पसंत पडेपर्यंत मी खात राहिले, तुम्ही एकदाच खा. आणि माझ्या पोरीला तुमच्या तोंडाने सांगा, दुखतं की नाही?”