खरोशाच्या लेण्यातली हाक

प्रवासाचे व्हिडिओ करणारी लुंबिनी आपल्या आजीला, सरजाबाईला, खरोशाची लेणी दाखवायला घेऊन आली होती. आत जाताना तिनं चपला आजीच्या हाती दिल्या. "निघताना तुझी हाक मार बरं का, आजी. व्हिडिओत लोकायला तीच लई आवडती."

परक्या जागेतून निघताना सोबतच्या माणसाला नाव घेऊन बोलवायचं, म्हणजे त्याचं काही मागं राहत नाही, अशी सरजाबाईची जुनी रीत.

थोड्या वेळानं नात बाहेर आली. "चल आजी, गाडीत बस."

"हाक ऱ्हायली की गं."

"आज हाक नको."

पण सवयीनं सरजाबाईच्या तोंडून निघालंच, "लुंबिनी, चल गं घरी!"

"आले, आजी!" लेण्याच्या आतून लुंबिनीचा आवाज आला. "चपला घेऊन दाराशी ये. बाहेर खडक लई पोळतोय."

सरजाबाईनं हातातल्या चपलांकडं पाहिलं. मग शेजारी उभ्या नातीच्या पायांकडं पाहिलं. भर दुपारच्या तापल्या खडकावर ते अनवाणी पाय जराही हलत नव्हते.

"दे त्या चपला," शेजारी उभी असलेली म्हणाली.

आतून दाराशी आलेली लुंबिनी आजीशेजारी आपलंच रूप उभं बघून 'आजी' म्हणता म्हणता मधेच थांबली.