बारावी खेप

बाटलीचं बूच निघालं तेव्हा ‘फिस्स’ असा आवाज आला आणि टेबलाभोवतीच्या चौघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मागच्या खेपेला ‘धडाम’ असा आला होता. छतावर त्या खेपेचा डाग अजून होता.

“आवाज बरा आहे,” फ्यूज म्हणाला. तो वायरमन होता, त्यामुळे त्याला आवाजातलं कळतं असं बाकीचे धरून चालत. कपाळावर घसरलेला पुठ्ठ्याचा मुकुट त्याने मागे सरकवला. आजच्या खेळात राजा तो होता.

चष्मेवाल्याने ग्लास भरले. गेली दोन वर्षं चष्म्याचं दुकान बंद झालं की तो घरी येऊन स्वयंपाकघरात बिअर मुरवत बसे. अकरा खेपा झाल्या होत्या. चौथीने सिंकचा जुना तुंबारा मोकळा केला, तेवढीच काय ती उपयोगी पडली. अकराही वेळा हे तिघं ‘छान आहे’ म्हणाले होते, आणि अकराही वेळा ते थाप मारतायत हे त्याने तिथल्या तिथे ओळखलं होतं.

ओळखायचं कारण समोर टेबलावरच मांडलेलं होतं. सहा वर्षं, दर रविवारी चार ते आठ, ते हाच एक खेळ खेळत. एक किल्ला, वीस बाजूंचा फासा, बोटभर उंचीचे सैनिक आणि प्रत्येकाला एक उपडं पान. ज्याला फितुराचं पान येईल त्याने शेवटपर्यंत खोटं बोलायचं, बाकीच्यांनी त्याला हुडकायचं. सहा वर्षांत कुणाचं काय झाकून राहणार? भाऊजी, म्हणजे चष्मेवाल्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, खोटं बोलायच्या आधी हटकून ‘खरं सांगायचं तर’ म्हणत. बाई शाळेत गणित शिकवत. त्या थाप मारताना सैनिकांची रांग सरळ करू लागत. फ्यूज डाव्या कानाची पाळी ओढे. खुद्द चष्मेवाल्याच्या नाकाच्या शेंड्यावर घाम येई. हल्ली फितूर पहिल्या पाव तासातच सापडे. तरी उरलेले पावणेचार तास चौघंही मन लावून एकमेकांवर संशय घेत.

“आज खरं सांगा हं,” चष्मेवाला म्हणाला. “कोपऱ्यावरच्या बारवाल्याला पाचच्या आत फोन करायचाय. चांगली झाली असेल तर माझ्याकडे उभा राहा म्हणाला. तुझी बिअर, तुझ्या हाताने ओत. वर पाटीही लावतो म्हणाला.”

“अरे वा! पाटी!” भाऊजी म्हणाले. “तुझ्या ताईला फोटो पाठवायला हवा. कधी उभं राहायचं?”

“रविवारी. चार ते आठ.”

फ्यूजच्या हातातला फासा निसटून टेबलाखाली गेला. किती पडले ते कुणीही वाकून पाहिलं नाही. सहा वर्षांत असं प्रथमच झालं.

“दर रविवारी?” बाईंनी विचारलं.

“दर रविवारी.”

तिघांनी ग्लास तोंडाला लावले. चष्मेवाला त्यांच्या गळ्यांकडे बघत राहिला. स्वतःच्या जिभेवर त्याचा विश्वास नव्हता. तिला अकरावी खेपही आवडली होती. भाऊजींनी एक घोट घेतला, ग्लासाकडे पाहिलं आणि लगेच दुसरा घेतला. बाईंच्या ओठावर फेसाची मिशी उमटली, ती त्यांनी पुसली नाही. फ्यूजने डोळे मिटले होते.

“काय?” चष्मेवाल्याने विचारलं. “बोला ना कुणीतरी.”

भाऊजींनी घसा खाकरला. “खरं सांगायचं तर,” ते म्हणाले, “नाही जमली.”

असं तोंडावर आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

“कडू आहे रे,” बाई म्हणाल्या. “लोकांपुढे ठेवण्यासारखी नाही. मुळीच नाही.”

“भिकार!” फ्यूज म्हणाला. “मोजे धुतलेलं पाणी बरं. तू त्या बारवाल्याच्या नादी लागू नकोस बाबा. लोक पाटीसकट तुला उचलून बाहेर ठेवतील.”

चष्मेवाला मटकन खुर्चीत बसला. मग जड हाताने ग्लास गोळा करायला लागला, सिंकमध्ये ओतायला. भाऊजींनी आपला ग्लास सोडला नाही.

“राहू दे,” ते म्हणाले. “टाकायची कशाला उगाच.”

तेव्हा कुठे चष्मेवाल्याने मान वर केली.

किल्ल्यापुढे सैनिकांची रांग अशी लागली होती की पट्टी ठेवून बघावी. बाईंच्या चिमटीत शेवटचा सैनिक होता. फ्यूजच्याही चिमटीत काहीतरी होतं: त्याच्या डाव्या कानाची पाळी. कान लालभडक झाला होता.

चष्मेवाला एकेकाकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःचा ग्लास उचलला आणि एक लांब घोट घेतला. आता जिभेवर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

पाचला दहा कमी होते. त्याने फोन लावला.

“मालक, मी चष्मेवाला. नाही हो, नाही जमली. कडू झालीये. हो ना, तिघांनीही तोंडावर सांगितलं. अजून पाच-सहा खेपा तरी लागतील... नाही, नाही, पुढच्या रविवारी तर शक्यच नाही.”

फोनवर नाक दिसत नाही, हा त्या यंत्राचा फार मोठा गुण आहे. टेबलाभोवतीच्या तिघांना मात्र ते दिसत होतं.

चष्मेवाल्याने फोन खाली ठेवला. फ्यूजने मुकुट नीट केला, एका हाताने आपला रिकामा ग्लास पुढे सरकवला आणि दुसऱ्या हाताने कागदी रुमाल.

“नाक पूस,” राजा म्हणाला, “आणि पानं वाट.”