न भरणारी टाकी

मैला उपसायची गाडी शिंप्याच्या फाटकापाशी येऊन लागली, तेव्हा शेजारचा गवंडी मधल्या कुंपणाला धरून उभा होता. नाकाला फडकं बांधा, असं गाडीवाल्यानं त्याला सांगून पाहिलं. त्यानं ऐकलं नाही. त्याला टाकीचा तळ बघायचा होता.

त्याची नात जाऊन महिना होत आला होता. चिमी म्हणायचे तिला सगळे. जुलाब लागले आणि हां हां म्हणता पोर गेली. डॉक्टर म्हणाले, विहिरीचं पाणी तपासून घ्या. तपासलं, तर त्यात संडासाची घाण निघाली. विहीर गवंड्याच्या परसात आणि कुंपणापलीकडे शिंप्याची संडासाची टाकी. गवंड्याला आणखी पुरावा नको होता. ज्याच्याबरोबर रोज संध्याकाळचा चहा व्हायचा, त्या शिंप्याला त्यानं भर रस्त्यात खुनी म्हटलं. चिमीचे फ्रॉक हा शिंपीच शिवायचा.

टाकी उपसून दाखवा, हा हट्टही गवंड्याचाच. ही टाकी पहिल्यापासून त्याच्या डोळ्यांत खुपत होती. काही महिने गेले की ती भरायची, गाडी यायची आणि गवंडी कुंपणावरून विचारायचा, "मास्तर, घरात माणसं दोन, मग जेवतं तरी कोण एवढं?" त्याच्या हातच्या टाक्या कधी भरत नसत. त्याची एक युक्ती होती. चारही भिंती पक्क्या बांधायच्या आणि तळ मातीचाच उघडा ठेवायचा. पाणी आपोआप जिरतं, उपसायची कटकट नाही. लोक या युक्तीवर खूश होते. शिंप्यानं मात्र तळाला सिमेंट हवंच म्हणून हटून दुसरा गवंडी लावला होता.

पंप थांबला. गाडीवाल्यानं पाण्याचा फवारा मारून टाकी धुतली आणि बॅटरीचा झोत आत सोडला. गवंडी कुंपण ओलांडून आला, टाकीच्या तोंडाशी ओणवा झाला. भिंती पाहिल्या, कोपरे पाहिले, तळ पाहिला. जन्मभर हातात थापी धरलेल्या माणसाला दिसलं ते नाकारता येईना. कुठंही चीर नव्हती.

"हिच्यातून थेंब बाहेर जात नाही," गाडीवाला म्हणाला.

चिमीची आई विहिरीच्या कठड्याला टेकून हे सगळं बघत होती. तिनं तिथूनच सासऱ्याला विचारलं, "बाबा, मग आपली टाकी कधी उपसली होती?"

"आपली?" सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं. "आपली कशाला उपसायला लागते? ती कधी भरतच नाही."

बोलून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं. तो तिथंच मातीत बसला. शिंपी जवळ आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. गवंड्याला त्याच्याकडे वर बघवेना. तो समोरच्या घरांकडे बघत होता. प्रत्येक परसात विहीर होती. अंगणांत कुणाकुणाची पोरं खेळत होती. त्या सगळ्या घरांच्या टाक्या त्याच्याच हातच्या होत्या, आणि त्यांतली एकही आजवर भरली नव्हती.