भिंतीवरचा वाघ

खारीच्या मथुराचा नवरा हिराजी कुस्तीच्या मासिकापायी मिठागरही विसरायचा. १९३८ साली लेकीच्या साखरपुड्यात मुलाचा बाप, नवघरचा धर्मा, बोलून गेला की हिराजीचा लाडका पैलवान 'काळा वाघ' आपल्या 'पोलादी पंजा'पुढे शेळी आहे. हिराजीने भरल्या मांडवात सोयरीक मोडली. "वाघाच्या वैऱ्याघरी माजी पोर जानार न्हाय."

महिन्याभराने नवा अंक आला. त्यात तेच दोघे पैलवान फेटे बांधून, गळ्यात गळा घालून उभे होते. एकाची लेक दुसऱ्याची सून झाली होती. आता तरी या माणसाला लाज वाटेल, म्हणून मथुराने तो फोटो त्याच्या नाकापुढे धरला.


हिराजीने फोटोतला व्याही कात्रीने कापून चुलीत टाकला, आणि वाघ भिंतीला चिकटवायचा म्हणून लेकीला खळ शिजवायला सांगितली.