आरक्षण क्रमांक बासष्ट

सकाळी सव्वाअकरा वाजता तानाबाईनं भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्यो निळा चौकोन माझ्या दारात कुनी काढला?"

सुनावणीच्या खोलीत पाच जणांची समिती बसली होती. शहराच्या विकास योजनेवर हरकती मागवल्या होत्या, त्यातली ही एकोणतिसावी. साल सत्त्याहत्तर. चौकोनात बारीक अक्षरांत लिहिलं होतं : आरक्षण क्रमांक ६२, भाजी मंडई. जागा अकरा गुंठे. तिथं तानाबाईच्या चार म्हशी बांधलेल्या असत आणि उरलेल्या जागेत तिला थोरल्या मुलासाठी दोन खोल्या काढायच्या होत्या. सून पोटुशी होती, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बांधकामाची परवानगी मागायला गेल्यावर कळलं, आरक्षण पडलंय, परवानगी मिळणार नाही.

"बाई, आम्ही मनानं काही काढत नाही," अध्यक्ष वसंतराव म्हणाले. "कायद्याप्रमाणं आधी जागेचा चालू वापर बघतात, मग योजना करतात. तुमच्या जागेत आधीपासूनच बाजार भरतो, अशी नोंद आहे."

"कुनी केली नोंद?"

कोपऱ्यात बसलेल्या सर्व्हेअर नृसिंह हुपरीकरांनी वही उघडली. वही त्यांचीच, अक्षरही त्यांचंच. त्यांनी एका सुरात वाचलं, "जागेवर हजर असलेल्या स्त्रीनं सांगितलं, इथं रोज बाजार भरतो."

तानाबाईला तो दिवस लख्ख आठवला. दोन वर्षं झाली होती. ती शेण काढत होती. अंगणात नवरा केरबा आणि त्याचे पाच दोस्त बाजल्यावर बसून कुठल्याशा कुस्तीवरून गावाला ऐकू जाईल असे भांडत होते आणि चौथ्यांदा चहा मागत होते. तेवढ्यात हा टेपवाला आला. म्हणाला, मावशी, ह्या जागेत काय असतं? तिच्या हातात घमेलं होतं, डोक्यात राख होती. ती म्हणाली, "काय असायचंय? बाजार भरतोय रोज, माझ्या जिवाला!"

त्यानं अर्धंच लिहून घेतलं.

"आवो सायेब, त्यो बाजार न्हवं," तानाबाई कळवळून म्हणाली आणि मागं उभ्या असलेल्या केरबाकडं हात केला. "ह्यो बाजार!"

समिती हसली. केरबानं टोपी काढून आत काहीतरी लिहिलेलं असल्यासारखी निरखून पाहिली. हुपरीकर हसले नाहीत. त्यांनी वही मिटली.

वसंतरावांनी रुमालानं डोळे पुसले. "तुमचं म्हणणं पटतंय मला. पण नोंद बदलायची तर डोळ्यांनी बघायला पाहिजे. सोमवारी सकाळी नऊ वाजता आम्ही जागेवर येतो. बाजार दिसला नाही, तर नोंद काढून टाकायची शिफारस करू."

तानाबाई घरी आली ती कंबर कसूनच. केरबाला तिनं सायकलवर बसवून गल्लोगल्ली पिटाळलं. "ज्येच्या घरात माझं दूध जातंय, त्येनं सोमवारी यायचं म्हनावं. सायबाम्होरं उभं राहून सांगायचं, हितं बाजार न्हाय. येकदम, येका आवाजात."

केरबा ह्या कामात वाकबगार होता. सोमवारी आठ वाजता अंगणात दोनशे माणूस जमलं. केरबाचे पाचही दोस्त अंघोळ करून आले. बाजली उचलली, म्हशी धुतल्या, शेणाचा टिपूस ठेवला नाही. तानाबाईनं लोकांकडून दोनदा म्हणून घेतलं.

पण कोल्हापुरात दोनशे माणसं एका जागी उभी राहिली की भडंगवाल्याला बोलवावं लागत नाही. तो सव्वाआठला आला. साडेआठला मंडईकडं निघालेल्या एका बाईनं गर्दी बघून शेवग्याच्या शेंगांची पाटी डोक्यावरून खाली घेतली. तिच्यामागून वांगी आली, मेथी आली, एक कासार बांगड्या मांडून बसला.

"उठ बाई, उठ!" तानाबाई धावली. "सायेब यायचं हाईत!"

"येऊ देत की," शेवगेवाली म्हणाली. "सायेब काय भाजी खात न्हाईत व्हय?"

तानाबाई एकीला उठवायची, तर पलीकडं दुसरी बसायची. तिच्या मदतीला आलेलीच माणसं आता मेथीच्या जुड्या उलटून बघत होती. ताजी होती मेथी. पावणेनऊला पाट्या नऊ झाल्या. एक पाटी बरोबर खोल्यांच्या जागेवर होती आणि तिच्यापुढं तानाबाईची सून कोथिंबिरीचा भाव पाडत उभी होती.

नऊला पाच मिनिटं असताना जीप आली. वसंतराव उतरले, मागं हुपरीकर वहीसकट. केरबानं हात वर केला. ठरल्याप्रमाणं दोनशे माणसांनी, हातातल्या भरल्या पिशव्यांसकट, एका आवाजात सांगितलं, "हितं बाजार भरत न्हाय!"

वसंतरावांनी सगळ्या पाट्यांवरून नजर फिरवली. मग जवळच्या पाटीपुढं वाकून त्यांनी विचारलं, "वांगी कशी दिली?"

पाहणीचा अहवाल त्याच आठवड्यात मुंबईला गेला. त्यात काय लिहिलंय ते तानाबाईला कुणी सांगितलेलं नाही, आणि निर्णयही अजून आलेला नाही. पाहणीच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी साडेसहा वाजता शेवगेवाली आली, जागा झाडून तिनं पोतं अंथरलं आणि शेजारी आपल्या जावेसाठी दुसरं.